आपल्याला झेपणारी नदी निवडताना

राफ्टिंगची सहल निवडताना सगळे आधी श्रेणी विचारतात. मी आणि माझ्या धाकट्या भावाने गाईडबरोबर पहिल्यांदा नदीवर जायचे ठरवले तेव्हा आम्हीही तेच विचारले आणि प्रत्येक आयोजकाने आकडा ताबडतोब सांगितला: कुठे दुसरी ते तिसरी, कुठे तिसरी, कुठे ‘तिसरी अधिक’. आकडे ऐकून मात्र आमचे काही ठरेना. तिसऱ्या श्रेणीत नेमके काय असते, त्यातले काय गाईड निभावतो आणि काय आपल्या वाट्याला येते, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग नव्हता. म्हणून आयोजकांना पुन्हा फोन करण्याआधी मी त्या श्रेणींच्या मूळ व्याख्या वाचायला घेतल्या आणि आमच्या निवडीला खरी दिशा तिथून मिळाली.

नद्यांचा अवघडपणा सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत सहा श्रेणी आहेत. पहिलीत वाहते पाणी आणि लहान लाटा असतात. दुसरीत रॅपिड, म्हणजे नदीचे खळाळते वेगवान टप्पे, सरळ असतात आणि मोकळी वाट नावेतूनच स्पष्ट दिसते. तिसरीत लाटा अनियमित होतात आणि वेगवान प्रवाहात नाव नेमकी वळवावी लागते. चौथीत पाणी जोरकस, पण अंदाज बांधता येण्याजोगे असते. पाचवीत रॅपिड लांबलचक, अडथळ्यांनी भरलेले किंवा अत्यंत उग्र असतात. आणि सहावीच्या वाटेला अतिशय कुशल पथकेही क्वचितच जातात. सर्वत्र हीच पट्टी चालते असेही नाही. कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅनियनमध्ये एक ते दहा अशी वेगळी मोजणी रूढ आहे, त्यामुळे तिथला पाच म्हणजे इतर नद्यांवरची पाचवी श्रेणी नव्हे.

माहितीपत्रकात इतकेच येते. व्याख्येत मात्र नावेच्या बरोबरीने पाण्यात पडलेल्या माणसाचाही विचार केलेला असतो आणि मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. दुसऱ्या श्रेणीत पडलेल्याला सहसा इजा होत नाही. तिसरीत तो बहुधा स्वतःच्या बळावर काठाला लागतो, पण लांब पोहावे लागू नये म्हणून इतरांची मदत लागू शकते. चौथीत इजेचा धोका मध्यम ते जास्त असतो आणि सुटकेसाठी इतरांची मदत बहुतेक वेळा अत्यावश्यक ठरते. पाचवीत तर निष्णात लोकांनाही बचाव करणे कठीण जाते. गाईडबरोबर जाणाऱ्या माणसाने याच बाजूने श्रेणी वाचावी असे माझे ठाम मत आहे, कारण नदी वाचणे, कोणत्या धारेतून उतरायचे ते ठरवणे आणि राफ्टचा कोन राखणे ही कामे गाईडची असतात. आपल्याकडे उरतात तीन गोष्टी: हुकूम ऐकताच सर्वांबरोबर वल्हे मारणे, राफ्टमध्ये टिकून राहणे आणि पडलोच तर पाण्यात शुद्धीवर राहून योग्य ते करणे. पहिल्या दोन गोष्टी काठावरच्या अर्ध्या तासात बऱ्यापैकी शिकता येतात. तिसरी शिकता येत नाही असे नाही, पण माणसामाणसांत खरा फरक तिच्यातच दिसतो. म्हणून ‘मला किती जमते’ या प्रश्नाचे उत्तर मी नावेत बसलेल्या स्वतःला विचारायचे सोडले आणि नावेबाहेर पडलेल्या स्वतःला विचारू लागले.

या कसोटीवर आम्हा दोघांचे चित्र वेगवेगळे निघाले. मी पोहायला उशिरा शिकले. तलावात न थांबता बराच वेळ पोहू शकते, पण तोंडावर पाणी आले की माझा श्वास बिघडतो. भाऊ उत्तम पोहणारा, दम भरपूर असलेला. वरवर पाहता सोपी नदी माझ्यासाठी आणि अवघड नदी त्याच्यासाठी, अशी वाटणी कोणीही केली असती. परंतु त्याचा उजवा खांदा पूर्वी एकदा निखळलेला होता. प्रवाहाच्या जोराने वल्हे मागे खेचले जाते तेव्हा किंवा पडताना राफ्टचा दोर एका हाताने धरून राहिल्यास सगळा भार खांद्यावर येतो, आणि खळाळत्या पाण्यातल्या खेळांमध्ये खांदा निखळणे ही ओळखीची दुखापत आहे. एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यताही अधिक असते. तेव्हा पोहण्यात तो माझ्या पुढे असला तरी लांबलचक, सतत वल्हवायला लावणारा टप्पा त्याच्यासाठीच जास्त जोखमीचा होता. सहल एकत्र करायची तर दोघांच्या मर्यादा एकत्र धराव्या लागणार होत्या.

श्रेणीचा आकडा जे सांगत नाही त्यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रॅपिड संपल्यावर काय आहे. काही नद्या पायरीपायरीने उतरतात. एक उसळता टप्पा, मग संथ डोह, मग पुन्हा टप्पा. अशा नदीत पडलेला माणूस थोड्याच वेळात शांत पाण्यात पोहोचतो, राफ्ट त्याला गाठते आणि पुढच्या रॅपिडच्या आत सगळे पुन्हा जागेवर बसतात. दुसऱ्या प्रकारच्या नद्या सलग धावतात. तिथे एक रॅपिड दुसऱ्यात मिसळतो आणि पडलेल्या माणसाला दम घ्यायला जागाच मिळत नाही. न्यूझीलंडमधील कैतुना नदीवर सुमारे सात मीटरचा तुतेआ धबधबा राफ्टमधून उतरतात. तो टप्पा पाचव्या श्रेणीत मोजला जातो, तरीही पूर्वी कधी राफ्टमध्ये न बसलेल्यांनाही तिथे गाईड घेऊन जातात, कारण उडी मोठी असली तरी टप्पा छोटा आहे आणि खाली डोह आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या झांबेझी नदीचेही तसेच: रॅपिड प्रचंड, पण त्यांच्यामध्ये लांब संथ पट्टे. तरी तिथला नववा रॅपिड इतका धोकादायक आहे की सहलीतल्या लोकांना साधारणपणे काठाने चालवूनच पुढे नेतात. याउलट बर्फाच्या पाण्याची एखादी अरुंद, सलग धावणारी तिसऱ्या श्रेणीची नदी कमकुवत पोहणाऱ्याला चौथ्या श्रेणीच्या डोहाडोहाने उतरणाऱ्या नदीपेक्षा जड जाऊ शकते. हे समजल्यावर आमच्या यादीतली दोन नावे आपोआप गळली, आणि ती दोन्ही आकड्याने सौम्य होती.

पुढचा प्रश्न पाण्याच्या पातळीचा. नदीची श्रेणी ही त्या नदीची कायमची ओळख नसून ठरावीक प्रवाहातली तिची अवस्था असते. पाणी वाढले की काही रॅपिड बुडून सपाट होतात, काही दुप्पट उग्र होतात. पाणी उतरले की काही ठिकाणी खडक उघडे पडून वाट अरुंद होते. झांबेझीवर पाणी ओसरल्यावरच रॅपिड सर्वांत उग्र होतात आणि भर पुरात वरचे टप्पे बंद असतात. गंगेवर हृषीकेशच्या परिसरात पावसाळ्यात राफ्टिंगच बंद ठेवतात. एकाच गंगेवर कौडियालापासून निघणारा लांब टप्पा आणि ब्रह्मपुरीपासून निघणारा छोटा टप्पा यांच्यात नवख्या माणसाच्या दृष्टीने फार अंतर आहे, म्हणून नदीचे नाव सांगितले की सहल समजली असे होत नाही. धरणाखालच्या नद्यांवर तर पाणी विसर्गाच्या वेळापत्रकाने येते. अमेरिकेतील गॉली नदीवर समर्सव्हिल धरणातून शरद ऋतूत ठरलेल्या दिवशी पाणी सोडतात, त्या दिवसांत वरचा टप्पा पाचव्या श्रेणीचा होतो आणि बहुतेक आयोजक तिथे पूर्वानुभवाची अट घालतात. आम्ही यावरून एक सवय लावून घेतली: ‘ही नदी कितवीची’ असे न विचारता ‘आम्ही येणार त्या आठवड्यात साधारण किती पाणी असते, आणि त्या पाण्यात हा टप्पा कितवीचा होतो’ असे विचारायचे. ज्याला नदी रोज दिसते तो याचे उत्तर क्युसेकमध्ये किंवा काठावरच्या खुणेच्या भाषेत चटकन देतो.

थंड पाण्याचा विचार लोक सर्वांत कमी करतात. मोजपट्टीसोबतच्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे की पाण्याचे तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली असेल, किंवा सहल दुर्गम भागातून लांबवर जाणारी असेल, तर नदी एका श्रेणीने अधिक अवघड धरावी. याचे कारण शरीरात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. गार पाण्यात पडताच नकळत जोराचा श्वास आत ओढला जातो. तो लाटेखाली ओढला गेला तर पाणी नाकातोंडात जाते. पुढच्या काही मिनिटांत बोटांतली ताकद जाते आणि समोर आलेला दोरही घट्ट धरता येत नाही. ज्याचा श्वास तोंडावरच्या शिंतोड्यानेही बिघडतो, अशा माझ्यासारखीला ही माहिती निर्णायक होती. वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा घट्ट पोशाख, मिळेल का, तो सर्वांना मिळतो की मागितल्यावर, हे मी त्यानंतर प्रत्येक ठिकाणी विचारले.

आयोजकांशी झालेली बोलणी हा या सगळ्या प्रक्रियेचा सर्वांत शिकवणारा भाग होता. एके ठिकाणी मी पोहण्याविषयी सांगू लागले तेव्हा पलीकडून उत्तर आले, “पोहता येत नसेल तरी चालेल, काही होत नाही, लाइफ जॅकेट असतेच.” लाइफ जॅकेट असते हे खरेच आहे, आणि सौम्य टप्प्यांवर पोहता न येणारे लोक सुखरूप जाऊनही येतात, पण तिसऱ्या श्रेणीच्या सहलीची चौकशी करणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता दिलेली ती हमी मला पुरेशी वाटली नाही, आणि आम्ही ते नाव सोडून दिले. दुसऱ्या ठिकाणी फोन थेट सहलप्रमुखांनी घेतला. त्यांनी माझ्या प्रश्नांना उत्तरे देण्याआधी स्वतःचे प्रश्न विचारले: वाहत्या पाण्यात कधी पोहला आहात का, डोके पाण्याखाली गेले तर घाबरता का, दोघांची वजने किती, छातीचा घेर किती, पाठीचे, हृदयाचे, फिट येण्याचे काही आहे का. भावाच्या खांद्याचे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ताई, त्यांना डावीकडे बसवू आणि पुढच्या जागेवर मुळीच नको. पुढे बसणाऱ्याला लाट आधी लागते आणि वल्हेही जोराने मारावे लागते. तुम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, मगच पैसे भरा.” पैसे येण्याआधी जो माणूस अट घालतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला मला वेळ लागला नाही.

मी त्यांना जे विचारले ते असे. किमान किती राफ्ट एकत्र निघतात, कारण एकटी राफ्ट उलटली तर मदतीला येणारे कोणीच नसते. बरोबर बचावासाठी कयाकवाला, म्हणजे एकट्याच्या लहान निमुळत्या नावेतला माणूस, असतो का. गाईडचे प्रशिक्षण कोणत्या श्रेणीच्या पाण्यासाठी झाले आहे, आणि वेगवान पाण्यातील बचावाचे व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण त्यात आहे का. (इंटरनॅशनल राफ्टिंग फेडरेशन ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली आणि गाईडच्या कौशल्याची तिची प्रमाणपत्रे अनेक देशांत मानली जातात, स्थानिक परवाना त्याहून वेगळा असू शकतो, तोही विचारावा.) रस्ता नदीपासून किती दूर आहे आणि मध्येच सहल सोडायची झाली तर कुठून बाहेर पडता येते. अवघड रॅपिड काठाने चालत टाळता येतो का. या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी एका रॅपिडचे नाव घेऊन सांगितले की तिथे उजव्या काठाने पायवाट आहे आणि कोणी चालत जायचे म्हटले तर कोणी काही बोलत नाही.

राफ्टच्या प्रकाराचा निर्णय सोपा होता. काही सहलींत गाईड मधल्या चौकटीवरच्या दोन लांब वल्ह्यांनी राफ्ट नेतो आणि बाकीचे धरून बसतात, काहींत सगळे वल्हवतात, काहींत दोन्ही. भावाच्या खांद्यासाठी आम्ही तिसरा प्रकार घेतला, म्हणजे त्याला दुखू लागले तर वल्हे खाली ठेवता येईल. लहान राफ्ट जास्त उसळते आणि सहज उलटते, तेव्हा पहिल्या खेपेला मोठीच बरी.

नदीवर पोहोचल्यावर निवडीचा शेवटचा टप्पा बाकी असतो, हे मला आधी माहीत नव्हते. सहलप्रमुखांनी प्रत्येकाचे लाइफ जॅकेट स्वतः आवळले आणि मग खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरून वर खेचून पाहिले. माझे जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तेव्हा त्यांनी ते उतरवून लहान मापाचे दिले. हेल्मेट कपाळ झाकते का ते पाहिले. वल्ह्याच्या टोकाची मूठ तळहाताने झाकून धरायची हे त्यांनी तीनतीनदा बजावले, कारण मोकळी सुटलेली ती मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. त्यानंतर पहिल्या डोहात सर्वांना पाण्यात उतरवले. पाठीवर तरंगायचे, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ, पायांचे चवडे दिसले पाहिजेत. वेगवान पाण्यात उभे राहायचा प्रयत्न कधीही करायचा नाही; पाऊल दोन दगडांत अडकले तर मागून येणारे पाणी माणसाला पुढे दाबून धरते, आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. दोर फेकला तर पिशवी नव्हे, दोर धरायचा, छातीशी घ्यायचा, खांद्यावरून मागे न्यायचा आणि हाताला गुंडाळायचा नाही. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाकडे प्रवाह ओढत असेल तर मात्र हे सगळे विसरून पालथे व्हायचे, डोके पुढे करून त्याच्याकडे जोरात पोहायचे आणि वर चढायचे, कारण फांद्यांतून पाणी जाते, माणूस जात नाही. हा सराव करताना सहलप्रमुख प्रत्येकाकडे पाहत होते. एका गृहस्थांना डोहातच धाप लागली, तेव्हा त्यांनी त्यांना बाजूला घेऊन शांतपणे बोलून मधल्या वल्ह्यांच्या राफ्टमध्ये गाईडजवळ बसवले. आपली कुवत आपण फोनवर सांगतो त्यापेक्षा ती पाण्यात अधिक खरी दिसते.

मी पडले ती तिसऱ्या श्रेणीच्या एका लांब लाटांच्या माळेत. राफ्टची कड वर उचलली गेली, पायाची पकड सुटली आणि पुढच्या क्षणी कानात नुसता घोंघाट होता. वर आले तेव्हा पहिला श्वास घेतला तो लाटेच्या माथ्यावर, आणि तोंडात पाणीच आले. मग सरावात सांगितलेले आठवले: माथ्यावर श्वास धरायचा, दोन लाटांमधल्या खळग्यात तोंड मोकळे असते तेव्हा घ्यायचा. पाय वर आणले, एक खळगा, एक श्वास, पुन्हा माथा. तिसऱ्या-चौथ्या लाटेनंतर श्वासाला लय सापडली आणि तेवढ्यात पाणी मंदावले, कारण पुढे डोह होता. कयाकवाला आला, मी त्याच्या नावेच्या टोकाला धरले, आणि राफ्टवर आल्यावर भावाने डाव्या हाताने आणि गाईडने दोन्ही हातांनी जॅकेटचे खांद्याचे पट्टे धरून मला आत ओढले. “ताई, ठीक आहेस ना?” एवढेच तो म्हणाला. मी ठीक होते. सलग नदीवर ती माळ संपली नसती आणि लय सापडूनही दम पुरला असता की नाही, याचा विचार मी त्या डोहात बसूनच केला.

पायवाटेचा रॅपिड आला तेव्हा आदल्या दिवसापेक्षा पाणी हातभर चढलेले होते. सहलप्रमुखांनी सर्व राफ्ट वर थांबवल्या, खडकावरून सगळ्यांना रॅपिड दाखवला, खाली जाणारी स्वच्छ धार कुठे आहे आणि डावीकडच्या खडकाखाली पाणी कसे गोल फिरून तिथेच परत येते ते बोटाने दाखवले. मी चालत जायचे ठरवले. भावाला जायचे होते आणि त्याचा खांदा दुखत नव्हता, तरी सहलप्रमुखांनी त्यालाही चालत यायला सांगितले, आणि तो काही न बोलता माझ्याबरोबर आला. दोन राफ्ट आमच्यासमोर त्या धारेतून व्यवस्थित उतरल्या.

पुढच्या सहलीसाठी आम्ही चौथ्या श्रेणीचे दोन रॅपिड असलेली, डोहाडोहाने उतरणारी एक नदी निवडली आहे, आणि आकड्याने तिच्यापेक्षा सोपी असलेली पण सलग धावणारी दुसरी नदी नाकारली आहे. मधल्या काळात मी वाहत्या पाण्यात पोहण्याचे प्रशिक्षण घेते आहे आणि भाऊ खांद्याचे व्यायाम करतो आहे. तारीख मुद्दाम पक्की केलेली नाही; धरणाच्या विसर्गाचे वेळापत्रक आल्यावर ती ठरेल, आणि त्या दिवशी पाणी ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर त्याच नदीच्या खालच्या, तिसऱ्या श्रेणीच्या टप्प्यावर न्यायचे, असे आयोजकांकडून आम्ही आधीच लिहून घेतले आहे.